परसातले पाणी, काळी माती आणि उचकटलेला सागवानी डेक: आधी हात कशाला घालावा?

परसदार_त्रिमूर्तीनगर
१२ एप्रिल

नमस्कार. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात आमचे जुने बैठे घर आहे आणि घरामागे साधारण २२ फूट लांब व १६ फूट रुंद असे मोकळे परस आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर या परसाकडे नीट लक्ष द्यायचे असे ठरवले होते. पण गेल्या चार वर्षांत तिथे जे जे केले ते एकेक करून बिघडत गेले. यापुढे आणखी पैसा घालण्याआधी जाणकारांना विचारावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर १० फूट बाय ८ फुटांचा सागवानी फळ्यांचा डेक आहे. मुलाच्या आग्रहावरून चार वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात तो करून घेतला. पाच इंच रुंदीच्या २४ फळ्या एकमेकींना अगदी खेटून बसवल्या आहेत. मधून पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही, असे सुताराने मोठ्या अभिमानाने दाखवले होते. वरून चकचकीत पॉलिश केले होते. पहिल्याच पावसाळ्यात मधल्या पाच-सहा फळ्या कमानीसारख्या वर उचलल्या गेल्या आणि खिळ्यांची डोकी बाहेर आली. आता पॉलिशचे पोपडे निघाले आहेत, लाकूड राखाडी पडले आहे आणि प्रत्येक खिळ्याभोवती शाई सांडल्यासारखा काळा डाग आहे. डेकचे खांब थेट मातीत पुरलेले आहेत. मागच्या वर्षी एका खांबावर वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या, तेव्हा माणूस बोलावून डेकभोवतीच्या जमिनीत औषध सोडून घेतले.

उरलेल्या जागेत भाजी लावते. हिवाळ्यात मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) उत्तम येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पावसाळ्यात मात्र जुलैत लावलेली वांगी ऑगस्टपर्यंत फुलावर येतात आणि आठवडाभराच्या झडीनंतर एका रात्रीत, पाने हिरवी असतानाच, माना टाकतात. मिरचीची नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सध्या जमिनीला दोन बोटे जातील एवढ्या भेगा आहेत.

एका ठेकेदाराचे म्हणणे असे की डेक मोडून टाकावा, सगळ्या परसात फरशी घालावी आणि भाजीसाठी दोन फूट उंच विटांचे हौद बांधावेत. शेजारचे काका म्हणतात की दोन ट्रॉली कन्हान नदीची रेती आणि पोतेभर चुलीची राख मिसळली की काळी माती सुधारते. या दोन्हींवर माझा जीव बसत नाही. गच्चीचे पाणी मागच्या बाजूलाच उतरते, त्याचा चार इंची पाइप डेकच्या बाजूला सुटतो, त्यामुळे डेकखाली पावसाळ्यात पाणी साचते आणि डासही होतात. गच्ची सुमारे १००० चौरस फूट आहे. डेक वाचवता येईल का, रेती टाकावी का, आणि पावसाळ्यापूर्वी जेमतेम दोन महिने उरलेले असताना सुरुवात कशापासून करावी, हे कृपया सांगावे.


मुरूम_आणि_माती
१२ एप्रिल

ताई, आपण सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो आहे आणि माझ्या मते आपल्या परसात डेकचे दुखणे वेगळे आणि भाजीचे वेगळे असे काही नाही. त्या पाइपचे पाणी कुठे जाते एवढाच प्रश्न आहे.

जरा हिशेब करून पाहा. १००० चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. नागपुरात एखाद्या दिवशी ५० मिलिमीटर पाऊस पडणे ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि तेवढ्या पावसात आपल्या गच्चीवरून ४,६५० लिटर पाणी त्या एका पाइपातून खाली येते. आपल्या परसाचे क्षेत्रफळ ३५२ चौरस फूट, म्हणजे सुमारे ३३ चौरस मीटर. तेवढे पाणी परसभर सारखे पसरले तर साडेपाच इंच उभे राहील, आणि परसावर थेट पडलेला दोन इंच पाऊस त्यात धरलेलाच नाही. वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, अशा गावात काळ्या मातीने हे पाणी कसे रिचवावे?

काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते, त्यामुळे पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी भेगांतून गटागटा खाली जाते आणि आपल्याला वाटते की निचरा चांगला आहे. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि वरचा थर मेणासारखा बंद होतो. ऑगस्टमध्ये वांग्याची मुळे त्या बंद थरात श्वासाविना गुदमरतात. डेकचे खांबही त्याच मातीत उभे आहेत. माती जिथे जास्त भिजते तिथे ती जास्त फुगते आणि खांब वर ढकलते, जिथे कमी भिजते तिथे खांब जागेवरच राहतात. फळ्या उचकटण्यामागे याचाही हात आहे. घराच्या जोत्यालगतही असे पाणी मुरू देणे बरे नाही. मागच्या भिंतीच्या जोत्याला तिरक्या तडा आहेत का, हे एकदा बघून घ्यावे.

म्हणून फळीला किंवा कुदळीला हात लावण्याआधी एक साधी चाचणी करा. परसात मधोमध एक फूट खोल आणि एक फूट रुंद खड्डा खणा. सध्या जमीन भेगाळलेली असल्यामुळे पहिले मोजमाप फसवे येईल. तेव्हा आज संध्याकाळी आणि उद्या दिवसभर खड्डा दोन-तीनदा भरून माती फुगू द्या, परवा सकाळी पुन्हा काठोकाठ भरा आणि पट्टी लावून तासातासाने पाणी किती उतरते ते लिहून ठेवा. तासाला इंचभर उतरले तर ठीक. अर्ध्या इंचाहून कमी उतरले तर ती जमीन पाइपचे पाणी कधीच पिणार नाही असे समजा.

रेतीबद्दल मात्र चाचणीची वाट पाहण्याची गरज नाही. काळ्या चिकण मातीत थोडीथोडकी रेती मिसळली की चिकणमाती रेतीच्या कणांमधल्या फटी भरून टाकते आणि तो गोळा वाळल्यावर आधीपेक्षा टणक होतो. उपयोग व्हायचा तर रेती मातीहूनही जास्त लागेल, म्हणजे आपल्या परसाची माती जवळजवळ बदलावीच लागेल. ती ट्रॉली मागवू नका. ठेकेदाराची फरशीही नको. फरशी घातल्यावर परसावरचे सगळे पाणी न मुरता धावेल आणि उतार चुकला तर ते थेट आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येईल.


लकडगंजचा_रंधा
१३ एप्रिल

पाण्याविषयी वरच्या भाऊंनी लिहिले ते बरोबर आहे, पण फळ्या उचकटण्याचा मुख्य दोष मी मातीला देणार नाही. तो दोष सुताराच्या पोस्टकार्डाचा आहे. आमचे घराणे लाकडाच्या धंद्यातले. मध्य प्रांताचा साग, ज्याला बाजारात अजूनही सीपी टीक म्हणतात, लहानपणापासून हाताखालून गेला आहे, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो.

आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ अंशांवर असताना, लाकूड वर्षातले सर्वांत कोरडे आणि म्हणून सर्वांत अरुंद असते. ऑगस्टमध्ये तेच लाकूड हवेतला आणि पावसाचा ओलावा पिऊन रुंदीत फुगते. लांबीत जवळजवळ फुगत नाही. साग इतर लाकडांच्या मानाने शहाणा, तरी पाच इंची फळी दोन मिलिमीटरभर रुंद होतेच. आपल्या २४ फळ्या मिळून जवळपास पाच सेंटिमीटर जागा मागतात आणि फटी तर नाहीतच. मग फळ्यांनी जायचे कुठे? वर.

यावर उपाय स्वस्त आहे. पाच इंची २४ फळ्या म्हणजे बरोबर १२० इंच, म्हणजे १० फूट. म्हणूनच त्या खेटून बसल्या. सगळ्या फळ्या काढून परत बसवताना एक फळी कमी करा. २३ फळ्यांच्या मधल्या २२ फटींना ती पाच इंच जागा वाटली की प्रत्येक फट पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास येते, आणि बाहेरच्या डेकला तेवढीच हवी असते. फळ्या आता एप्रिलमध्ये कोरड्या असताना बसवल्या तर पावसाळ्यात फट साडेतीन-चार मिलिमीटरवर येईल, पाणी खाली जाईल आणि वारा वर येईल. फट सारखी राहावी म्हणून मध्ये सहा मिलिमीटरच्या प्लायवूडचे तुकडे अडकवून फळ्या बसवा आणि नंतर ते काढून घ्या. उरलेली २४वी फळी फेकू नका, कुठली तरी फळी खालून कुजलेली निघेलच.

काळे डाग लोखंडी खिळ्यांचे आहेत. सागातली कषाय द्रव्ये आणि ओले लोखंड यांची गाठ पडली की शाई तयार होते. जुन्या काळी लिहायची शाई याच रीतीने करत असत. खिळे तसेच ठेवून कितीही घासले तरी डाग परत येतील, तेव्हा खिळे काढून ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा आणि स्क्रूच्या आधी बारीक ड्रिलने भोक पाडा, नाहीतर टोकाशी फळी चिरते. डागांवर ऑक्झॅलिक ॲसिड चालते: एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या बादलीत, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावून. फळीवर ब्रशने लावा, वीस-पंचवीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. हे विषारी आहे. धुतलेले पाणी भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नका आणि घरात लहान मुले असतील तर उरलेली पावडर कुलपात ठेवा.

राखाडी रंगाला घाबरू नका. तो उन्हाने लाकडाच्या वरच्या कागदाएवढ्या थरात केलेला बदल आहे, आत साग तसाच सोनेरी असतो. पोपडे खरवडून ८० नंबरच्या आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा. हल्ली गाड्या धुवायच्या दाबाच्या पंपाने डेक धुण्याची फॅशन आहे; त्याने लाकडातले मऊ पट्टे कोरले जातात आणि पायाला टोचणाऱ्या कुसळ्या उभ्या राहतात, म्हणून तो मोह टाळावा.

चकचकीत पॉलिश पुन्हा करू नका. ते काचेसारखा थर धरते, लाकूड खाली हलत राहते, थर तडकतो आणि त्या तडीतून शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. लाकडात मुरणारे, थोडा रंग असलेले बाहेरच्या वापराचे डेक-तेल घ्या. रंगाचे कण ऊन अडवतात, पाण्यासारखे पारदर्शक तेल सहा महिन्यांत संपते. आपल्या विदर्भात जवस घरोघरी, म्हणून पुष्कळ जण कच्चे जवसाचे तेलच फासतात. ते फार हळू वाळते, चिकट राहते आणि बुरशीला आवडते. पावसाळ्यात डेक काळा पडला की मग सागाला नावे ठेवतात. तेल सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर लावा, पंधरा-वीस मिनिटांनी फळीत न मुरलेले तेल कापडाने पुसून काढा, आणि फळीच्या कापलेल्या दोन्ही टोकांना दोनदा लावा, कारण पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरते. पुढचा हात पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी.

एक सूचना कृपया हलक्यात घेऊ नका. तेल पुसलेली कापडे बोळा करून कोपऱ्यात टाकली तर वाळणाऱ्या तेलाची उष्णता आतल्या आत साठते आणि काडी न लावता पेट घेते. आमच्या गोदामात हे झाले आहे. वडिलांनी रात्री धूर पाहिला म्हणून फक्त एक पिंप जळाले. कापडे पाण्यात बुडवा किंवा एकेक करून मोकळ्यावर पसरून वाळवा.

खांबांबाबत पेचकस घेऊन जमिनीलगत टोचून पाहा. टोक सहज अर्धा इंच आत गेले तर खांब गेला. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, पण बाहेरचा पांढरट भाग ती आवडीने खाते, आणि स्वस्तात दिलेल्या खांबांत तो भाग हमखास असतो.


परसदार_त्रिमूर्तीनगर
१६ एप्रिल

दोघांचेही मनापासून आभार. खड्ड्याची चाचणी केली. पहिल्या दिवशी पाणी तासाभरात दिसेनासे झाले आणि मी खूश झाले. तिसऱ्या दिवशी चार तासांत पाऊण इंच उतरले. सहापैकी दोन खांबांत पेचकस मुठीपर्यंत गेला. फळ्यांपैकी एकच खालून कुजली आहे, म्हणजे २४व्या फळीचे भाकीत खरे ठरले. मागच्या भिंतीला, पाइपच्या बाजूला, केसाएवढी तिरकी तड आहे, आजवर ती रंगाची समजत होते. कोपऱ्यात लिंबाच्या झाडाजवळ पूर्वी खणले होते तेव्हा साडेचार-पाच फुटांवर मुरूम लागल्याचे यजमानांना आठवते.


मुरूम_आणि_माती
१६ एप्रिल

साडेचार फुटांवर मुरूम ही चांगली बातमी आहे. नागपूरचा पश्चिम भाग काळ्या पाषाणावर बसलेला आहे आणि त्या पाषाणाचा झिजलेला थर म्हणजे हा मुरूम. काळी माती पाणी अडवते, मुरूम बऱ्यापैकी पिते.

पाइपला कोपर लावून तो डेकपासून दूर, कुंपणाच्या भिंतीने न्या. वाटेत हजार लिटरची टाकी ठेवलीत तर हिवाळ्याआधीच्या कोरड्या दिवसांत भाजीला कामाला येईल, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. आपल्या गच्चीवर ती अकरा मिलिमीटर पावसातच भरते. तिच्या वरच्या तोंडातून निघणारे पाणी तीन फूट बाय तीन फुटांच्या शोषखड्ड्यात सोडा, आणि तो खड्डा मुरमात किमान फूटभर उतरलेला असू द्या. काळ्या मातीतच थांबलेला शोषखड्डा म्हणजे मातीचा हौद. आत मोठी गिट्टी, वर जाळीदार कापड, त्यावर बारीक गिट्टी. खड्डा जोत्यापासून दहा फूट तरी लांब हवा. तोही भरला तर जास्तीचे पाणी समोरच्या रस्त्याच्या पावसाळी नालीत जाईल असा दुसरा पाइप ठेवा. गडर लाइनला (सांडपाण्याच्या गटाराला) मात्र पावसाचे पाणी जोडू नका. भर पावसात ती तुंबली की तेच पाणी बाथरूमच्या जाळीतून वर येते.

परसाला जोत्यापासून बाहेरच्या दिशेने १६ फुटांत दोन इंच उतार मिळाला तरी पुरे. डेकच्या प्रत्येक खांबाखाली दीड फूट खणून मुरूम ठोकून भरा, वर सिमेंटचा ठोकळा ठेवा आणि खांबाचा तळ जमिनीपासून सहा इंच वर राहू द्या. खालून वारा खेळेल आणि वाळवी चढू लागली तर तिची नळी डोळ्यांना दिसेल. हे काम नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागण्याआधी, म्हणजे २५ मेच्या आत उरका, त्यानंतर मजूर सकाळी दहानंतर थांबत नाहीत आणि थांबू नयेतही.


सांबार_वांगी_पोपट
१७ एप्रिल

मी मानेवाड्यात गेली १९ वर्षे परसबाग करते. दादांनी पाण्याची वाट लावून दिली (चांगल्या अर्थाने), आता भाजीचे मी सांगते.

ठेकेदाराचे दोन फुटी विटांचे हौद एप्रिल-मे महिन्यांत भट्टी होतात. विटा दिवसभर तापतात, माती चारही बाजूंनी वाळते आणि सकाळी घातलेले पाणी दुपारी दिसत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीला नऊ इंच उंचीचे गादीवाफे पुरतात. पावसाळ्यात मुळे पाण्याच्या वर राहतात आणि उन्हाळ्यात खालच्या काळ्या मातीतला ओलावा त्यांना मिळत राहतो. ही माती वाईट नाही, तिच्याइतका ओलावा धरणारी माती दुसरी नाही. तिला फक्त वर उचलून द्यायची आहे. वाफा चार फूट रुंद ठेवा, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि वाफ्यात पाय टाकावा लागत नाही. दोन वाफ्यांमध्ये दीड फूट वाट, आणि ती वाटच पावसाळ्यात नाली. चार बाय दहा फुटांच्या एका वाफ्याला ३० घनफूट भरण लागते. त्यातले दहा घनफूट चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत आणि बाकी वाटेतून निघालेली हीच माती. कडुनिंबाचा पाचोळा आत्ताच पडून गेला आहे आणि आपल्या गल्लीतही लोक तो पेटवत असतील. पोत्यांत भरून आणा. काही भाग कुजवा, काही वाफ्यावर आच्छादन म्हणून तीन बोटे जाड पसरा.

राख टाकू नका. आपली काळी माती आधीच चुनखडीची आणि अल्कधर्मी असते, राख तिला आणखी तिकडेच ढकलते. अंड्याच्या टरफलांचेही तेच. कॅल्शियमची इथे वाण नाही. मिरचीची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या हे लोह न मिळण्याचे लक्षण आहे. मातीत लोह असते, पण अशा जमिनीत ते मुळांना घेता येत नाही, आणि पाणी साचले की आणखीच कमी मिळते. एका लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारा. त्याआधी पाच-सहा ठिकाणची सहा इंच खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत तपासायला दिलीत तर अंदाजाने औषधे टाकण्याचा खर्च वाचेल.

वांगी पाने हिरवी असताना एका रात्रीत माना टाकतात, हे वाचून मला पाण्याखेरीज दुसरीही शंका येते. यंदा असे झाले तर जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरा. पाच मिनिटांत कापल्या जागेतून दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसली तर तो जिवाणूंचा मर रोग समजा. मग त्या वाफ्यात तीन-चार वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांपैकी काहीच नको. चवळी, मका लावा. धार दिसली नाही आणि मुळे तपकिरी, कुजकट असली तर दोष साचलेल्या पाण्याचा.

या वर्षी पावसाळ्यात वांग्याच्या मागे लागूच नका. जूनअखेर पाऊस बसला की भेंडी, चवळी, गवार आणि कुंपणावर दोडके व कारले चढवा. त्याच सुमारास कोपऱ्यात पोपटाचे (वालाच्या शेंगांचे) दोन वेल लावून ठेवा, थंडीत शेंगा घरभर पुरतात. वांगी-टोमॅटोची रोपे सप्टेंबरमध्ये टाकून ऑक्टोबरमध्ये लावा, फेब्रुवारीपर्यंत तोडत राहाल. मार्चनंतर पारा ३५ च्या वर गेला की टोमॅटोची फुले गळतात, तेव्हा झाडावर राग काढू नये. पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधल्यास आधीच धरलेली फळे तेवढी वाचतात. सांबाराचे धणे चपटे रगडून दोन फाके केल्याशिवाय पेरू नका.

शेवटची गोष्ट डेकभोवती सोडलेल्या वाळवीच्या औषधाची. ही औषधे जमिनीत वर्षानुवर्षे टिकावीत म्हणूनच बनवलेली असतात. डेकच्या बाजूची चार फूट पट्टी खाण्यासाठी वापरू नका, आणि तिथली माती उचलून वाफ्यात तर मुळीच घालू नका. तिथे झेंडू, शेवंती, सदाफुली लावा. तुळसही नको, येता-जाता तिचे पान तोंडात टाकायची आपल्याला सवय असते.


गच्चीवरचा
१७ एप्रिल

सर्वांचे ज्ञान मोठे आहे, पण एक नावडता प्रश्न विचारतो. नागपुरात लाकडी डेक हवाच कशाला? मार्च ते जून त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि जुलै ते सप्टेंबर तो ओला. शहाबादी फरशीचा ओटा आणि वर मांडव, एवढ्यावर आमच्या दोन पिढ्या गेल्या.


लकडगंजचा_रंधा
१८ एप्रिल

नव्याने करायचा असता तर मीही ओटाच सांगितला असता. पण २३ चांगल्या सागवानी फळ्या हातात असताना त्या मोडीत काढणे मला पटत नाही; आज तेवढा साग विकत घ्यायला जा म्हणजे कळेल. दुरुस्तीला स्क्रू, तेल, दोन खांब आणि सुताराचे दोन-तीन दिवस लागतील. मांडव मात्र जरूर घाला. डेकला उन्हापासून जेवढे झाकाल तेवढे तेल कमी लागेल.


परसदार_त्रिमूर्तीनगर
२४ जून

उशिरा लिहीत असल्याबद्दल क्षमस्व. काम १९ मे रोजी संपले. शोषखड्डा सहा फूट गेला, मुरूम पाच फुटांवर लागला. नवा सुतार फटी ठेवायला तयार नव्हता, लोक नावे ठेवतील म्हणाला. प्लायवूडचे तुकडे मीच कापून त्याच्या हातात दिले. डेकच्या बाजूची पट्टी सोडून तीन वाफे झाले आहेत. मिरचीला दुसऱ्या फवारणीनंतर हिरवी पालवी आली.

काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला. टॉर्च घेऊन मी छत्रीत उभी राहिले आणि टाकी भरताना पाहिली. वीस मिनिटेही लागली नाहीत. सकाळी डेकखाली जमीन ओली होती पण पाणी नव्हते, आणि फळ्यांच्या फटींतून दाराच्या दिव्याचा उजेड खालच्या मातीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलेला दिसत होता. भेगा अजून पूर्ण मिटलेल्या नाहीत, त्यामुळे ऑगस्टपर्यंत मी काही बोलणार नाही. एकच अडचण राहिली आहे. उतार काढताना सगळी माती कोपऱ्याकडे सरकली आणि लिंबाचे झाड आता बशीत बसल्यासारखे दिसते. आज सकाळी बुंध्याशी चार बोटे पाणी होते.


सांबार_वांगी_पोपट
२४ जून

ताई, लिंबाचे आजच बघा, थांबू नका. संत्र्याच्या बागायतदारांना विचाराल तर बुंध्याला पाणी टेकले की डिंक्या येतो, हे ते पहिले सांगतील. सालीतून डिंक पाझरतो आणि झाड एका बाजूने वाळत जाते. खोडाभोवती सरकून आलेली माती आधी काढा, जुनी साल जिथपर्यंत उघडी होती तिथपर्यंत. मग बुंध्यापासून दीड फुटावर गोल चर काढून तिचे तोंड तुमच्या वाफ्यांच्या वाटेत सोडा, म्हणजे पाणी खोडाला न शिवता निघून जाईल. उघडीप मिळताच बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटरात, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र ओतायचे आणि ब्रशने बुंध्यापासून तीन फूट उंचीपर्यंत खोडाला फासायचे. एका झाडाला एवढे लागत नाही, उरलेले शेजारच्या काकांच्या संत्र्याला द्या.